आवक-जावक

दिवाळी कधी सुरू होते याबद्दल पंचांगाचं आणि अण्णाकाकांचं एकमत नाही. पंचांग वसुबारस धरतं. अण्णाकाका अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस धरतात, कारण तेव्हापासून लक्ष्मी रस्त्यावरचे मांडव उतरू लागतात आणि दुकानांच्या काचा पुन्हा दिसू लागतात. पुढे पितृपंधरवडा. त्यात खरेदी करू नये असं सगळे म्हणतात, आणि सगळे म्हणतात म्हणूनच ती तेव्हा करावी असं काका म्हणतात. गर्दी नसते, दुकानदार नरम असतो, बसा म्हणतो, पंखा लावतो. "आणि पितरांची हरकत असेल तर त्यांनी लेखी कळवावं." तरीही शास्त्राला अगदीच दुखवायला नको म्हणून पंधरवड्यात ते वस्तू नुसती बघून, इसार देऊन ठेवतात आणि घटस्थापनेला घरी आणतात.

प्रत्येक घराण्यात असा एक माणूस असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पण देण्याघेण्याचं सगळं खातं त्याच्याकडे असतं. कुणाच्या मुंजीत कुणी काय आहेर केला, कुणाच्या बारशाला नुसतं झबलं-टोपडं आलं, कुणाला दिवाळसणाला अंगठी कबूल करून शेवटी घड्याळावर भागवलं, हे त्याला ठाऊक असतं. बहुतेक घरांत हे काम थोरल्या जावेकडे किंवा एखाद्या आत्याकडे असतं आणि सगळा हिशेब तिच्या डोक्यात असतो. डोक्यातला हिशेब रागालोभाप्रमाणे मागेपुढे होतो, म्हणून नाती टिकतात. आमच्याकडे मात्र हे खातं काकांकडे आलं. आणि १९६९ साली सरकारनं ज्या १४ बँका ताब्यात घेतल्या, त्यांतल्या एकीत काकांची सगळी हयात गेली. त्यामुळे आमच्याकडे हिशेब लेखी आहे.

लाल कापडी बांधणीचं लांबोडकं रजिस्टर. वर काकांच्या टपोऱ्या अक्षरात 'आवक-जावक'. आत तारीख, नाव, वस्तू, अंदाजे किंमत आणि शेरा असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या स्वभावातली सगळी कविता एकवटली आहे. 'मधल्या बहिणीकडून काचेचे ग्लास, नग ६. एक तडकलेला. पाच धरावेत.' 'जावईबापूंकडून भिंतीवरचं घड्याळ. बंद पडेल.' आणि त्याखाली वेगळ्या शाईत, पुढच्या वर्षीच्या तारखेनं, 'पडले.' माझ्या नावावरची एक नोंद मी चोरून वाचली आहे. पहिल्या पगारात मी काकांना शर्टपीस दिला होता. शेरा होता, 'हेतू चांगला.'

भेटवस्तूबद्दल काकांचा सिद्धान्त असा, की ती इतकी वाईट नसावी की घेणारा रागावेल आणि इतकी चांगलीही नसावी की तो ती वापरायला काढेल. वापरली की वस्तू संपली. न वापरलेली वस्तू मात्र पुढे जाते, तिथून आणखी पुढे जाते आणि जाईल तिथे गोडवा निर्माण करते. याला ते उलाढाल म्हणतात. आम्ही पोरं याला दुसरं काहीतरी म्हणायचो, पण ते काकूसमोर.

या उलाढालीचा मेरुमणी म्हणजे ओटीतला ब्लाउजपीस. महाराष्ट्रात दरवर्षी ओटीत पडणाऱ्या ब्लाउजपिसांतले किती शिंप्यापर्यंत पोचतात हा संशोधनाचा विषय आहे, आणि काकांनी ते संशोधन केलेलं आहे. एका नवरात्रात त्यांनी घरातल्या एका आमसुली पिसाच्या काठाला, धोबी करतात तशी, पक्क्या शाईची बारीकशी खूण केली आणि काकूकडून तो शेजारच्या वहिनींच्या ओटीत घालवला. मग वाट बघत बसले. मधे एक-दोन दिवाळ्या गेल्या, एक लग्न झालं, शेजारच्या वहिनी मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या. आणि एका संक्रांतीला काकू हळदीकुंकवाहून परतली, तिच्या पिशवीत तोच आमसुली पीस, खुणेसकट. काकांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. घडी मोडली नव्हती. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "अजून दहा वर्षं जाईल. रिझर्व्ह बँकेच्या नोटासुद्धा इतक्या टिकत नाहीत."

काकू हे सगळं ऐकून घेते. तिचं म्हणणं एवढंच, की तिला स्वतःला शिवायला एखादा पीस कधीतरी मिळावा.

वेष्टनाच्या कागदाबद्दल फार लिहीत नाही. तो बोहरी आळीतून घाऊक आणलेला असतो, आलेल्या भेटीचा कागद चिकटपट्टी नखानं सोडवून गादीखाली जातो आणि मुलांनी भेट टराटरा फाडली तर काकांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. दिवाळी अंकाचं मात्र सांगायला हवं. १९०९ साली 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला तो लोकांनी घ्यावा आणि वाचावा म्हणून. काका अंक घेतात, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालतात, तो वाचतात, कव्हर काढतात आणि मग भेट देतात. अंक कोरा करकरीत दिसतो. फक्त शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवून खोडलेलं असतं, आणि वार्षिक राशिभविष्यात ज्याला अंक द्यायचा त्याच्या राशीसमोर बारीक बरोबरची खूण किंवा फुली असते.

कायद्याच्या बाबतीत काका अद्ययावत आहेत. आपल्याकडे १९५८ पासून दानकराचा कायदा होता आणि १ ऑक्टोबर १९९८ पासून तो कर उठला, हे सामान्य माणसाला माहीत नसतं, कारण सामान्य माणसाची भेट त्या मर्यादेच्या आसपासही नसते. काकांचीही नव्हती. पण त्या वर्षीची दिवाळी त्यांनी 'मोकळ्या मनानं' केली, असं रजिस्टर सांगतं. नोंदींवरून मोकळेपणा नेमका कुठे होता ते कळत नाही. हल्ली ५०,००० रुपयांवरच्या भेटी करपात्र होतात, पण नातेवाइकांकडून आल्या तर होत नाहीत, आणि त्या कायद्यातली नातेवाइकाची व्याख्या काकांना तोंडपाठ आहे. भाऊ, बहीण, त्यांचे नवरे-बायका, बायकोचे भाऊ-बहीण, सगळे त्यात बसतात. एकदा ती म्हणून दाखवून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "या देशात भावाला भाऊ मानणारं एकच खातं उरलंय. आयकर."

हे वाक्य हवेत नव्हतं. धाकटे काका आणि अण्णाकाका यांच्यात वाड्याच्या वाटणीचा दावा चालू आहे. वाडा सदाशिव पेठेतला, बिल्डर तयार, भाडेकरू तयार, फक्त दोघे भाऊ तयार नाहीत. दावा शिवाजीनगरच्या कोर्टात आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे. पण वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरात वाड्याचा विषय काढायचा नाही, असा काकांचा कडक नियम आहे. तो एकच माणूस मोडतो, आणि तो कोण हे काकू दरवर्षी त्यांना सांगते.

त्यांच्याबरोबर तुळशीबागेत जाण्याचा मान पिशव्या धरण्यासाठी म्हणून मला मिळतो. पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधवलेल्या राममंदिराच्या दिशेनं काका आधी हात जोडतात. मग घासाघीस. त्यांची घासाघीस ऐकायला मी पैसे देऊन गेलो असतो. सगळी गिऱ्हाइकं वस्तूला नावं ठेवतात. काका स्तुती करतात.

"केवढ्याला ही समई?"

"साडेआठशे, काका."

"वा. साडेआठशेची आहेच. नऊशे म्हणाला असतास तरी मी वाद घातला नसता. कारागिरी बघ केवढी! माझी ऐपत नाही, एवढंच." आणि समई अलगद जागेवर ठेवून, तिच्याकडे एकदा वळून बघून, ते चालू लागतात. इस्त्रीच्या शर्टातला, चष्म्याला दोरी लावलेला निवृत्त अधिकारी शुद्ध मराठीत ऐपत नाही म्हणतो तेव्हा विक्रेत्याला काय करावं ते कळत नाही. भाव न करणाऱ्याशी भाव कसा करायचा? तो मागून हाका मारतो, आणि दर हाकेला पन्नास रुपये उतरतात. या वेळात काकू तीन दुकानं पलीकडे पोलपाटांचं निरीक्षण करत असते. या गृहस्थांना आपण ओळखत नाही, असा तिचा चेहरा असतो.

मोठ्या शोभिवंत खोक्यांतून येणाऱ्या सुक्या मेव्याला ते 'गठ्ठा व्यवहार' म्हणतात आणि सोनपापडीची नोंदच करत नाहीत. येणं आणि जाणं एकाच दिवशी असल्यामुळे.

अधिक महिना आला की जावयाला वाण द्यायचं असतं, ३३ अनारशांचं. २०२३ च्या अधिक श्रावणात काकांनी अनारसे स्वतः मोजले, मग काकूकडून मोजवले आणि मग जावईबापूंना म्हणाले, "आपणही मोजून घ्यावेत." सगळ्या धर्मशास्त्रात त्यांना हाच एक आकडा तपासणीला टिकणारा वाटतो.

पण काकांचा खरा कस लागला २०१६ साली. त्या वर्षी भाऊबीज १ नोव्हेंबरला होती, मंगळवारी. काकांनी तिन्ही बहिणींना प्रत्येकी ५०१ रुपये ओवाळणी घातली. पाचशेची कोरी नोट आणि वर एक रुपया, कारण आकडा शून्यावर संपू नये. बरोबर आठवड्यानं, पुढच्या मंगळवारी रात्री, पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं. बातमी ऐकून घर गप्प झालं असताना फोन वाजला. थोरली आत्या.

"अण्णा, तुझा रुपया तेवढा पोचला हो."

मग मधली. मग धाकटी. तिघींनी आधी आपसात बोलून घेतलं असणार, कारण वाक्य तेच होतं. काका रात्रभर येरझाऱ्या घालत होते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची ओवाळणी परत आली होती, न वटलेल्या चेकसारखी. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. गुरुवारी सकाळी त्यांनी तिघींना बोलावून घेतलं, फॉर्म भरले, आधारकार्डांच्या प्रती काढल्या आणि बहिणींना घेऊन रांगेत उभे राहिले. रांग बँकेला वळसा घालून पुढच्या गल्लीत गेली होती. काकूनं उरलेल्या चिवड्याचा डबा आणि दोन फोल्डिंगची स्टुलं दिली होती. तासाभरानं कोथरूडहून धाकटे काका आले. त्यांनीही तिघींना पाचशे एकच घातले होते. हा आकडा दोघांनी एकाच बापाकडून घेतला होता.

तेव्हाही दावा चालू होताच. मधे तीन आत्या, अलीकडे एक भाऊ, पलीकडे एक भाऊ, आणि चिवड्याचा डबा इकडून तिकडे फिरतोय. धाकटे काका चष्मा घरी विसरले होते आणि फॉर्म डोळ्यांपासून लांब धरून चाचपडत होते. अण्णाकाकांनी ते दोन मिनिटं सहन केलं. चुकीचा भरला जात असलेला फॉर्म बघणं त्यांना शारीरिक त्रासाचं होतं. त्यांनी तो काढून घेतला, भरला, सहीच्या जागी फुली केली आणि थोरल्या आत्याला म्हणाले, "त्याला सांग, सही बँकेतल्यासारखीच करायची. कोर्टात करतो तशी नाही."

थोरली आत्या अजून म्हणते, तिच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब भाऊबीज ती. दोन्ही भाऊ चार तास समोर होते, आणि कुणाला गाडी पकडायची घाई नव्हती.

रजिस्टरमध्ये धाकट्या काकांचं पान वेगळं आहे. दाव्याच्या सगळ्या वर्षांत ते एकदाही कोरं राहिलेलं नाही, ना आवकेत, ना जावकेत. माल आत्यांच्या हस्ते येतो-जातो. 'अनारसे, पाव किलो. जाळी उत्तम.' पुढच्या वर्षी, 'अनारसे, पाव किलो. जाळी गेल्या वर्षीपेक्षा सरस.' काकूनं ते वाचलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की माझ्या अनारशांना इतक्या वर्षांत शेरा नाही.

आता भांड्यांकडे वळतो. दुकानात स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, नाव घालायचं का? आणि टरटर आवाज करणाऱ्या त्या छोट्या यंत्रानं ठिपक्या-ठिपक्यांचं नाव, तारीख, 'यांजकडून' वगैरे कोरून देतो. काकांचा याला कडाडून विरोध. "नाव घातलं की भांडं मेलं. त्याच घरात कुजत पडणार. पुढे सरकत नाही." आमच्या घरातून आजवर एकही नाव घातलेलं भांडं बाहेर गेलं नव्हतं. काका फक्त बुडाला खिळ्यानं एक ठिपका मारतात, अभ्यासासाठी.

त्या ठिपक्यानंच घात केला. धाकट्या आत्याकडे केळवणाला गेलो होतो. तिनं लाडू वाढायला स्टीलचा डबा आणला. काकांनी सवयीनं तो उचलून खालून पाहिला आणि त्यांचा हात थांबला. मागच्या दिवाळीत त्यांनीच तो धाकट्या काकांना पाठवला होता.

खरं तर हा उलाढालीचा विजय. काकांच्या सिद्धान्तानुसार वस्तू चांगली असल्याची खूणच ती. पण परतीच्या रिक्षात ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "लाडूंना सुद्धा पुरा पडतो तो डबा. घरात ठेवायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्ही काय करता वेगळं?" काकूनं विचारलं.

"मी इतरांचं पुढे देतो," काका म्हणाले. "त्याचं दिलेलं कधी पुढे दिलंय का?"

काकूनं कपाट उघडून दाखवलं नाही, कारण गरज नव्हती. धाकट्या काकांकडून आलेलं सगळं खालच्या खणात होतं, कागदासकट.

त्या वर्षी दिवाळीआधीची तारीख होती. कोर्टानं नेहमीप्रमाणे पुढची तारीख दिली, ती दिवाळीच्या सुट्टीनंतरची. काका खूश होते. "बघ, न्यायव्यवस्थेलाही सण कळतो." २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून त्यांची मोठी सोय झाली आहे; जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर बसायचं, दुसऱ्या स्टेशनला मंडई. दावा आणि खरेदी एकाच तिकिटात. आम्ही डब्यात चढलो तेव्हा दुसऱ्या टोकाला धाकटे काका कापडी पिशवी घेऊन बसलेले दिसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण मंडईला दोघेही उतरले आणि सरकत्या जिन्यावर अण्णाकाकांनी मला कोपरानं ढोसलं. "कुठे जातो बघ."

गर्दीत ते दिसेनासे झाले. आम्ही रविवार पेठेतल्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानात आलो. काकांनी झाकणाचा एक जाड डबा निवडला, वजन करवून घेतला, स्तुती केली, ऐपत नसल्याचं सांगितलं, भाव उतरवला. मग दुकानदारानं नेहमीप्रमाणे, उत्तर माहीत असूनही, विचारलं, "नाव घालायचं नाही ना, काका?"

"घालायचं."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहिलं. काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मजकूर तयार होता, बहुधा कोर्टाच्या बाकावर केलेला. 'चि. धाकट्यास दिवाळीनिमित्त. हा डबा इतरांस देऊ नये. वाड्याबाबतचे सर्व हक्क अबाधित राखून. अण्णा.'

"काका, नावाचे आम्ही पैसे घेत नाही," दुकानदार म्हणाला, "पण हे नाव नाही."

इथे इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांनी घासाघीस केली नाही. मजकूर डब्याच्या पोटावर मावेना, म्हणून 'हक्क अबाधित' झाकणावर गेलं. यंत्राचा टरटराट बराच वेळ चालला होता आणि काका त्या पोराच्या खांद्यावरून वाकून ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते.

डबा पाडव्याला थोरल्या आत्याच्या हस्ते रवाना झाला. भाऊबीजेला आत्या आली ती एक जड पिशवी घेऊन. आत डबा. आमचा नव्हे, दुसरा. त्याच घाटाचा, त्याच दुकानाचा कागद, आत अनारसे. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा खिडकीशी नेला आणि फिरवत फिरवत वाचू लागले. 'ती. अण्णास. डबा मिळाला, पोच देत आहे. मजकुरावरील म्हणणे सुट्टीनंतर दाखल करू. तोवर अनारसे खावेत. डबा परत करू नये.'

काकू तोंडाला पदर लावून आत गेली. आत्या उघड हसत होती. काकांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, 'दाखल' वर नख फिरवून बघितलं, मग डबा एका हातात तोलला आणि कपाळाला आठी घातली.

"माझ्या डब्यापेक्षा जड आहे हा," ते म्हणाले. "मुद्दाम घेतलाय लेकानं. अरे, तो स्वयंपाकघरातला काटा आण बघू इकडे."